आत्याची घुंघुं

गिऱ्हाईक सोफे-खुर्च्या बांधायच्या दुकानात शिरलं, खुर्ची टेकवली आणि कापडाचे नमुने मागायला लागलं, की आत्या कापडाकडे बघायचीसुद्धा नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बसणार कोण?" गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. खुर्चीवर कोण बसणार, घरातली माणसंच बसणार की. पण आत्याला तो माणूस समजून घ्यायचा असायचा. अंगानं कसा आहे, गुडघे दुखतात का, बसतो की आदळतो. ते कळल्याशिवाय ती फोमला कात्री लावत नसे. कापड डोळ्यांसाठी असतं आणि फोम पाठीसाठी, असं तिचं म्हणणं. या हट्टापायी काही गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात गेली. त्यातली बरीचशी वर्षभरात तीच खुर्ची उचलून परत आली, आणि आत्यानं त्यांना बोल बोल बोलून मग खुर्ची ठेवून घेतली.

दुकानात ती सगळ्यांची मावशी होती. आत्या ती घरात. घर धाकट्या भावाचं, पण त्याला लहानाचा मोठा हिनंच केलेला, त्यामुळे घर नक्की कोणाचं हा प्रश्न कोणी काढत नसे. भाऊ जन्मभर बस चालवून निवृत्त झाला होता. लहानपणीचं नाव छोटू, ते पोट सुटलं तरी सुटलं नाही. त्याची बायको, म्हणजे आत्याची भावजय, घर चालवायची. आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. तिची ही आत्या, म्हणून मग सगळ्यांचीच आत्या. छोटू तेवढा ताई म्हणायचा, आणि त्याचं बघून त्याची बायकोही.

गेल्या वर्षी आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर भला माणूस होता. आवाजावर परिणाम होऊ शकतो हे त्यानं आधीच सांगितलं होतं. पण होऊ शकतं हे ऐकणं वेगळं आणि शुद्धीवर आल्यावर पाणी मागताना आपल्याच तोंडून ऐकणं वेगळं. लाकडावर खरकागद घासावा तसलं काहीतरी बाहेर आलं. हळूहळू सुधारेल, असं सगळे म्हणत राहिले. पुढे म्हणायचे थांबले.

दुकानात तसं फार अडलं नाही. घासाघीस करणाऱ्याकडे ती नुसती बघायची, आणि पूर्वी बोलून टिकत नव्हता तेवढा भाव आता बघून टिकायला लागला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली ती. एकच गोष्ट तिला सोसत नसे. जुनं गिऱ्हाईक यायचं आणि हसत विचारायचं, "काय मावशी, आवाज कुठे गेला?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. पण आत्याला उत्तर सुचत नसे, आणि उत्तर न सुचणं हा तिचा स्वभाव नव्हता. ती मान खाली घालून दाभणात दोरा ओवत बसायची.

आता त्या रेकॉर्डबद्दल सांगायला हवं.

आत्या मुलींच्या शाळेत होती तेव्हा कुणा हौशी माणसानं शाळेच्या समूहगानाची रेकॉर्ड काढली होती. वर्गभर मुली एका सुरात गातात, आणि शेवटच्या कडव्यात बाकी सगळ्या वरचा सूर धरून थांबतात तेव्हा खालून एकटी मुलगी दोन ओळी गाते. ती मुलगी म्हणजे मी, असं आत्या सांगायची. एवढा खर्जातला आवाज अख्ख्या शाळेत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

अडचण अशी की ती मुलगी ऐकूच येत नसे. त्या जागी स्पीकरमधून घुंघुं यायची. जाड, पसरट, पाण्याचा पंप चालू असावा तशी. बाकीचं गाणंही जरा गोधडीत गुंडाळल्यासारखंच ऐकू यायचं, पण तिथं तर सगळंच बुडायचं. प्लेअर बदलला, स्पीकर बदलले, घुंघुं हलली नाही. घरात तिचं नावच पडलं, आत्याची घुंघुं. छोटू सोफ्यावर रेलून म्हणायचा, "ताई, तिथं तू नाहीस. तिथं मोटर आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

पूर्वी यावर आत्याचं उत्तर तयार असायचं. ते कडवं आलं की ती हातातलं काम टाकून उठायची आणि त्या दोन ओळी घुंघुंवर स्वतः म्हणायची, भिंतीवरचं घड्याळ हलेल अशा आवाजात. छोटू कानांत बोटं घालायचा, सगळे हसायचे आणि विषय संपायचा. रेकॉर्डमध्ये आवाज असला काय नि नसला काय, आवाज समोर उभा होता. त्या दिवसांत आत्याला या गोष्टीचं खरंच काही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं ते भाचीच्या एका बोलण्यानंतर. भाची एका संध्याकाळी फोन चाळत बसली होती. चाळता चाळता म्हणाली, "आत्या, तुझं गाणं माझ्याकडे कुठेच नाही गं. शेजारच्या मांजराचे ढीगभर व्हिडिओ काढलेत मी. तुझा एक नाही."

"मांजर बरं दिसतं," आत्या खरखरली.

भाची हसली नाही. "खरं सांगू? मला तुझा आधीचा आवाज आता नीट आठवत नाही. आठवायला गेलं की हाच येतो." आणि एवढी मोठी मुलगी, तिचे डोळे भरून आले.

आत्या तिच्या पाठीवर थोपटून आत निघून गेली. ते वाक्य तिला लागलं होतं. आवाज गेला हे तिनं गिळलं होतं. पण तो होता हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहू नये, हे तिला गिळता येईना. आता त्या आवाजाचा ठावठिकाणा सगळ्या जगात एकाच जागी होता, त्या काळ्या तबकडीवर, घुंघुंच्या खाली. तो तिथून बाहेर काढायचा, असं तिनं त्या संध्याकाळी ठरवलं. आत्यानं ठरवलं म्हणजे ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्लेअर चादरीत बांधला आणि रेडिओवाल्याच्या दुकानात नेऊन ठेवला. हा माणूस जुनी यंत्रं दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकाला घाबरवायचा नाही, म्हणून आत्याला तो पटायचा. त्यानं झाकण उघडलं, सुई काढून भिंगाखाली धरली, फिरती थाळी बोटानं फिरवून पाहिली.

"मावशी, यंत्राला काही झालेलं नाही. घरी हे कशावर ठेवता?"

"कपाटावर."

"आणि स्पीकर?"

"त्याच कपाटावर. दोन बाजूंना." आत्याला वाटलं, याहून नीटनेटकं काय असणार.

रेडिओवाल्यानं कपाळाला हात लावला, पण हसून. "अहो, ही सुई रेकॉर्डच्या खाचेतली थरथर वाचते. केसाहून बारीक थरथर. गाण्याची कुठली आणि तुमच्या घरातली कुठली, हे तिला बिचारीला कळत नाही. येईल ती गाणं समजून पुढे पाठवते. वर तुम्ही स्पीकर त्याच कपाटावर ठेवलेत. जाड सूर वाजला की कपाट हलणार, कपाट हललं की सुई हलणार, की पुन्हा तोच सूर स्पीकरमधून. ते घुमतच राहणार. खालचा आवाज असेल तर पहिला तोच बुडेल."

"म्हणजे आवाज आत आहे?" आत्यानं विचारलं. घशातून अर्धंच बाहेर आलं, पण त्याला समजलं.

"असेल तर निघेल. नसलेला मात्र मला काढता येणार नाही," तो म्हणाला. त्यानं एका परदेशी पुस्तिकेत प्लेअर ठेवायचं खास टेबल दाखवलं, हादरे न लागणारं. आत्यानं किंमत वाचली आणि पुस्तिका त्याच्याकडे सरकवली. तेवढ्यात ती सोफा बांधून वर दोन खुर्च्या फुकट देत असे. रेडिओवाल्यालाही ते अपेक्षितच असावं. "मग घरीच काहीतरी करा," तो म्हणाला. "आधी प्लेअरशेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवा आणि तिच्याकडे बघत बसा. घर किती हलतं ते तीच सांगेल."

आत्यानं वाटी ठेवली. घर जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं आणि खालची जमीन लाकडी फळ्यांची. भावजयीनं कपडे धुवायचं यंत्र लावलं की वाटीतल्या पाण्यावर बारीक जाळी उठायची. रस्त्यावरून ट्रक गेला की एक लाट. पण ट्रक नव्हता आणि यंत्र बंद होतं तेव्हाही पाणी थरथरतच होतं, एका लयीत. आत्या शोधत शोधत सोफ्यापाशी आली. छोटू पेपर वाचत होता आणि त्याचा डावा पाय हलत होता. क्लच दाबून दाबून त्या पायाला अशी सवय लागली होती की बस सुटली तरी पाय सुटला नव्हता. आत्यानं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला. वाटीतलं पाणी शांत झालं. हात काढला, पाणी हललं.

"म्हणजे इतकी वर्षं घुंघुं मी करत होतो?" छोटूला अपमानच वाटला.

"एकटा नव्हतास. पण होतास."

त्यानं पाय आवरून धरायचा मनापासून प्रयत्न केला. पेपरचं पान उलटेपर्यंत पाय पुन्हा सुरू. भावजय दारातून म्हणाली, "ताई, त्या पायाला ब्रेक नाही. संसार केलाय मी त्याच्याबरोबर. तुम्ही दुसरा उपाय शोधा."

मग घरात उपाय सुरू झाले आणि घरातल्यांच्या नाकी नऊ आले. आधी स्पीकर कपाटावरून उतरले. जमिनीवर ठेवायला भावजयीनं साफ नकार दिला, केर कुठून काढायचा म्हणून. तेव्हा आत्यानं दुकानातले मोडक्या सोफ्याचे सांगाडे कापून दोन बुटकी स्टुलं केली आणि स्पीकर भिंतीपाशी त्यांच्यावर बसवले. एवढ्यानंच गाणं जरा मोकळं झालं. घुंघुं मात्र होती, पातळ झाली होती इतकंच.

"फळ्यांतून येतेय," आत्या म्हणाली आणि आपल्या हुकमी विद्येकडे वळली. दुकानातला सगळ्यात मऊ, सगळ्यात महाग फोम तिनं हातभर जाड कापला. त्याला मखमली कापडाचं कव्हर शिवलं, कडेनं दोरीची गोट लावली आणि त्यावर प्लेअर ठेवला. दिसायला राजेशाही. पण रेकॉर्ड लावून कोणी दोन पावलं चाललं की प्लेअर होडीसारखा डुलायचा आणि सुई टुणकन उडून पुढच्या कडव्यात. छोटूला आयतंच सापडलं. "ताई, तू त्याला सोफ्यावर बसवलंस. आता तो गाणार कशाला, झोपणार."

आत्यानं फोम काढला आणि दाबलेल्या लोकरीच्या टणक नमद्याचे थर घातले. सुई उडायची थांबली आणि घुंघुं होती तशी परत आली. मऊ ठेवलं तर डुलतं, कडक ठेवलं तर घुमतं. मध्येच काहीतरी असणार हे दिसत होतं, पण ते हाताला लागेना. ती रोज संध्याकाळी दुकानातून काहीतरी घेऊन यायची. काथ्या, रबरी पट्टे, गादीच्या स्प्रिंगा. जेवणं थंड व्हायची. भावजय एकदा चिडून म्हणाली, "ताई, त्या दोन ओळींसाठी किती कराल?" आत्यानं वर बघितलं, आणि भावजयीनं पुढचं वाक्य गिळून तिचं ताट गरम करून आणलं.

अशातच एका सकाळी कोपऱ्यावरचा बेकरीवाला दुकानात आला. माणूस दांडगा, दार भरून जाणारा. महिन्यापूर्वी त्यानं आत्याकडून दोन खुर्च्या करून नेल्या होत्या. तो ओशाळत म्हणाला, "मावशी, तक्रार नाही करत. पण दोन्हींत फोम एकच घातलात. मी बसलो की खालची फळी लागते. आणि माझी आई बसली की म्हणते, दगडावर बसल्यासारखं वाटतं. ती बिचारी चिमणीएवढी. यावेळी तुम्ही विचारलंच नाहीत, बसणार कोण."

आत्याचा हात थांबला. खरंच विचारलं नव्हतं. ऑपरेशनपासून ती शब्द वाचवायला लागली होती. बोललं की समोरचा दचकतो, मग कीव करतो. म्हणून नमस्कार गेला, विचारपूस गेली, आणि त्यांच्याबरोबर तो प्रश्नही गेला हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. जन्मभर ज्या एका प्रश्नावर दुकान चाललं, तोच. तिला बेकरीवाल्यासमोर रडू येईल असं वाटलं. तिनं दोन्ही खुर्च्या परत मागवल्या आणि पैसे घेणार नाही असं हातानं सांगितलं.

दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली ती घरी जाताना. घरी तरी तिनं कुठे विचारलं होतं? मखमल शिवली, गोट लावली, पण फोमवर बसणार कोण हे पाहिलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. प्लेअर बेकरीवाल्याच्या आईसारखा, हलका. हलकं माणूस फोममध्ये बसत नाही, वरच्या वर राहतं, जरा धक्का लागला की हलतं. फोम बदलून काय होणार होतं? बसणाऱ्यालाच जड करायला हवं होतं.

ओटे बनवणाऱ्या दगडवाल्याच्या अंगणात कापून उरलेले तुकडे पडून असत. त्यातला एक चौकोनी तुकडा त्यानं असाच दिला. छोटूनं तो जिना चढवून आणला, वाटेत दोनदा बसून. फोमवर दगड, दगडावर प्लेअर. त्या संध्याकाळी गाणं इतकं स्वच्छ लागलं की भाची स्वयंपाकघरातून पळत आली. पण शेवटच्या कडव्याआधीच घुंघुं उठली, आणि आत्यानं दगडाखाली बोट घालून पाहिलं तर फोमची पोळी झाली होती. दगडानं त्याला पार चेपून टाकलं होतं.

ती जमिनीवरच बसली. ती थकली होती, आणि घरातल्यांना पहिल्यांदाच ते दिसलं. छोटू काही विनोद करणार होता, तो त्यानं केला नाही. तिच्याशेजारी टेकून म्हणाला, "ताई, मला तुझ्या फोममधलं काही कळत नाही. पण रिकामी बस खड्ड्यात उडते आणि भरलेली बस डुलत, अलगद जाते. तेवढं मला ठाऊक आहे. तुझा दगड बरोबर आहे. पण बस काही गादीवर चालत नाही. हवेवर चालते."

आत्या त्याच्याकडे वळली.

"आणि हवा ठासून भरली की रस्त्यावरचा खडान्‌खडा पाठीत लागतो," छोटू म्हणाला. तो उठला, चप्पल घातली आणि पंक्चरवाल्याकडे गेला. येताना लहान सायकलची जुनी ट्यूब खांद्यावर टाकून आला. पंक्चरवाल्यानं ती फेकायलाच ठेवली होती.

मग दोघं भावंडं कपाटापुढे मांडी घालून बसली. ट्यूब कपाटावर, ट्यूबवर दगड, दगडावर प्लेअर आणि वाटी. छोटू पंपानं हवा भरायचा, तळवा दगडावर ठेवून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जास्त झाली." मग थोडी सोडायचा. आत्या वाटीत बघायची. मोटरच्या बाजूला प्लेअर जड होता, तिकडे दगड कलायचा. तेव्हा तिनं दगड बोटभर सरकवून पाण्याचा काठ सरळ केला. स्पीकरखाली तिनं फोमच ठेवला, पण आता प्रत्येक स्पीकर हातात तोलून, त्याच्या त्याच्या वजनाचा. सगळं जमल्यावर छोटू सोफ्यावर जाऊन बसला आणि मुद्दाम, अगदी मनापासून पाय हलवायला लागला. भावजयीनं न सांगता कपडे धुवायचं यंत्र सुरू केलं. वाटीतलं पाणी आरशासारखं पडून होतं.

"लाव," छोटू म्हणाला.

आत्यानं रेकॉर्ड काढली, पुसली आणि तशीच धरून उभी राहिली. इतके दिवस आवाज कसा काढायचा हाच घोर होता. आता तो सुटल्यावर दुसरी एक गोष्ट पुढे आली, जी तिनं कधी कोणाला सांगितली नव्हती. रेकॉर्ड काढायच्या दिवशी गाण्याच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत ढकललं होतं आणि म्हणाल्या होत्या, जरा हळू म्हण गं, फार जाड येतं तुझं. ती हळू म्हणाली होती. किती हळू, ते आता तिला आठवत नव्हतं. घुंघुं होती तोवर तिच्याखाली आपण आहोत असं म्हणता येत होतं. घुंघुं गेली आणि खाली कोणीच नसलं तर मग म्हणायला काहीच उरणार नव्हतं. तिला भीती वाटली. भलती भीती वाटली.

"ताई, लावताय ना?" भावजयीनं हळूच विचारलं.

आत्यानं रेकॉर्ड ठेवली आणि सुई टेकवली.

मुली गायला लागल्या. वर्गभर मुली, आणि आता त्या खरंच वेगवेगळ्या होत्या. एक जरा पुढे पळत होती, एकीला स या अक्षरावर जोर द्यायची सवय होती. भाची तोंड उघडं टाकून ऐकत होती. दुसरं कडवं गेलं. शेवटचं आलं. मुलींनी वरचा सूर धरला आणि घरातल्यांनी कान टवकारले, कारण ही घुंघुंची जागा होती. घुंघुं आली नाही. तिथं आधी रिकामं होतं, आणि मग खालून, मागच्या रांगेतून, कुणीतरी गायला लागलं. हळू. पण जाडजूड आणि सरळ, इकडे तिकडे न बघणारा आवाज.

"हा मुलगा कोण?" भाचीनं विचारलं.

आत्याला स्वतःलाच ओळख पटेना. इतकं लहान, इतकं निबर कोण हे? तिनं छोटूकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते तिला सुचेना.

छोटूचा पाय थांबला होता. तो कान देऊन, पुढे वाकून बसला होता. "मुलींच्या शाळेत मुलगा कुठून येईल," तो म्हणाला. "गप्प ऐक. आता श्वास घेईल ती. ओळ संपायच्या आत, मध्येच."

आणि दुसऱ्या ओळीच्या मध्येच, शब्द पुरा व्हायच्या आत, नाकातून घेतलेला एक छोटा श्वास ऐकू आला. मग उरलेला शब्द.

"असाच घ्यायची," छोटू म्हणाला. "आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. मला झोप लागायची नाही. ही गायची शेजारी पडून, आणि प्रत्येक ओळीत असाच मध्येच श्वास घ्यायची. मी त्या श्वासाची वाट बघत जागा राहायचो." त्यानं डोळ्यांवरून हात फिरवला. "ताई, मी उगाच मोटर म्हणत होतो गं तुला."

भाची आत्याच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "हाच. आत्या, हाच होता. मला आठवतोय." भावजय उठली आणि तिनं कपडे धुवायचं यंत्र बंद केलं. आता त्याची गरज नव्हती. मग छोटूनं सुई उचलून पुन्हा मागे नेली, आणि पुन्हा, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी कोणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक एक जुनंच निघालं. हातांची खुर्ची घेऊन आलं होतं, सीट बसलेली, एक पाय डगमगता. त्यानं खुर्ची टेकवली आणि हसत विचारलं, "काय मावशी, आवाज कुठे गेला?"

आत्यानं दाभण खाली ठेवलं. "घरी आहे," ती म्हणाली. खरखरत, पण शब्द न वाचवता. "या कधीतरी ऐकायला." मग तिनं खुर्ची उलटी केली, तळ ठोकून पाहिला आणि मान वर करून विचारलं, "बसणार कोण?"